काजळीचं माप

काजळी या विषयात मला कोणी काही शिकवू नये. जर्मनीत, आखनमधल्या एका कंपनीत मी कितीतरी वर्षं डिझेल इंजिनांच्या व्हॉल्व्हवर बसलेली काजळी बघतोय, मोजतोय, खरवडतोय आणि तिच्यावर प्रेझेंटेशनं देतोय. माझी बायको ऊर्मिला नव्या लोकांना माझी ओळख "जयंत काजळीत असतो" अशीच करून देते. त्यामुळे नीसनकाकांनी आपल्या रायफलच्या बोल्टवरची काजळी निघत नाही म्हणून तोंड पाडलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, की हे काम तुम्ही माझ्यावर सोडा. सोडलं बिचाऱ्यांनी. जर्मन माणूस एरवी एवढा भाबडा नसतो.

नीसनकाका म्हणजे आमचे समोरचे शेजारी. तोंडावर अर्थातच 'हेर नीसन', म्हणजे श्रीयुत नीसन, पण घरात काका. ऐंशीला टेकलेले, उंच, वाकलेले, आणि हातांच्या बोटांना संधिवात. आमचं गाव आखनहून बसने आयफेलच्या डोंगरांच्या बाजूला गेलं की लागतं. नोव्हेंबरात तिथे पाचलाच अंधार पडतो आणि घराघरांवरची रोलाडन, म्हणजे खिडक्यांवरची ती सरकती झापडं, खडखडत खाली येतात. एकदा रोलाडन खाली आलं की आत माणूस आहे की नाही, हे सकाळपर्यंत देवालाही कळत नाही. या गावात पहिली दोन वर्षं आमच्याशी पोस्टमनशिवाय कोणी बोललं नव्हतं. मग एकदा बसस्टॉपवर नीसनकाकांनीच मला सांगितलं, की इथे जो माणूस कुठल्या फेराइनमध्ये नाही, तो गावाच्या हिशेबाने नाहीच.

फेराइन म्हणजे मंडळ. गावात तीन होती. गायनमंडळात मी गेलो असतो तर मंडळ बंद पडलं असतं. अग्निशमनदलात शिडी चढावी लागते आणि मला माळ्यावरून बॅग काढतानाही घाम फुटतो. राहिलं नेमबाजीचं. नीसनकाका मला तिथे पाहुणा म्हणून घेऊन गेले आणि माझ्या मागे उभे राहून बंदूक कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा ते शिकवू लागले. माझ्या गोळ्या आपापल्या मर्जीने जायच्या. पण दुसऱ्या दिवशी बेकरीत लोक मला 'मॉर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणाले. मला त्या दिवशी ब्रेडसुद्धा गोड लागला होता.

तर काकांची ती रायफल सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी उडाली की आतला बोल्ट, तो पुढेमागे पळणारा लोखंडी दांडका, आपला आपण मागे जातो आणि दुसरी गोळी आत ढकलतो. जळलेल्या बारूदाचा धूर त्याच्या शेपटाला लागतो आणि तिथे काजळीचं कडक कवच धरतं. ते दर खेपेला खरवडायचं असतं. ते काम आयुष्यभर गेर्डाबाईंनी केलं. काका नेम धरायचे आणि संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बोल्ट घासत बसायच्या. दोन हिवाळ्यांपूर्वी गेर्डाबाई गेल्या. तेव्हापासून बोल्टला कोणी हात लावलेला नव्हता. काकांच्या बोटांना ते जमत नव्हतं आणि फेराइनमधल्या कोणाला सांगायला त्यांची जीभ वळत नव्हती. रायफल मात्र दर चार गोळ्यांना अडकायला लागली होती आणि तरणी पोरं खाली बघून हसायला लागली होती.

सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमाराला फेराइनची वर्षातली शेवटची स्पर्धा असते. काका मला शांतपणे म्हणाले,

"या रविवारी नाही, पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्या. तेव्हा ती पुन्हा अडकली, तर मी रायफल देऊन टाकेन आणि घरी बसेन."

 मला ते घर माहीत होतं. फेराइन सोडलं तर हा माणूस कशासाठीही दाराबाहेर पडत नव्हता. त्यांचं रोलाडन एकदा खाली आलं की वर येण्याचं काही कारणच उरलं नसतं. आणि खरं सांगू, या गावात माझ्याशी मनापासून बोलणारा तोच एक होता.

मी घरी येऊन जाहीर केलं, की बोल्टच्या शेपटाच्या बरोब्बर आकाराचं एक हत्यार बनवणार. वळण तंतोतंत जुळलं की एक फेरा मारायचा, काजळी खाली. ऊर्मिला म्हणाली, "अरे, ऑनलाइन मिळत असेल ना तसलं काहीतरी? दोन दिवसांत येईल."

मिळतं. चांगली पितळी खरवडणी मिळते, ब्रश मिळतात, काजळी मऊ करणारी द्रव्यं मिळतात. पण काजळीतल्या माणसाने काजळीचं हत्यार विकत आणायचं म्हणजे हलवायाने पेढे बाहेरून आणण्यासारखं झालं. मी तिच्याशी दोन तास बोललो नाही. तिला ते जाणवलं नाही, हा भाग वेगळा.

त्या वेळी माझ्या सासूबाई, अहिल्याबाई, आमच्याकडे आलेल्या होत्या. माझे सासरे दिनकरराव गेल्या वर्षी गेले. आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून ऊर्मिलाने त्यांना साताऱ्याहून आग्रहाने आणलं, आणि आणून या नोव्हेंबरात बसवलं. सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून राखाडी आभाळ बघायच्या. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं, फरशीवर एक चपटं यंत्र फिरायचं. एकदा त्या मला म्हणाल्या, "जयंतराव, तुमच्या देशात काही घाणच होत नाही हो. माणसाने दिवसभर करायचं काय?" त्यांच्या पिशवीत चिंचेचा गोळा आणि खोबरेल तेलाची बाटली तेवढी कायम असायची, कारण देवाची तांब्याची भांडी त्या कोणत्याही मशीनला देणार नव्हत्या.

मी काकांना म्हटलं, की बोल्ट माझ्याकडे द्या, घरी नेऊन निवांत माप घेतो. काका दचकून मागे सरकले. बोल्ट म्हणजे कायद्याने हत्यारच, तो त्यांच्या नजरेआड गेला तर परवाना गेला. तेव्हा रविवारी दुपारी मी बारीक माप घ्यायचं व्हर्नियर घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सासूबाईंनाही सोबत नेलं, म्हटलं तेवढाच बदल. काकांनी तळघरातली तिजोरी उघडून बोल्ट आणला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. सासूबाईंनी तो उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, तळ करपलाय याचा." मी त्यांना समजावलं, की हे करपणं नव्हे, हे उच्च तापमानाला झालेलं कार्बनचं निक्षेपण आहे. त्या म्हणाल्या, "तेच ते."

मी माप घेतलं. वळण, व्यास, उतार, सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. काका टेबलावर हात ठेवून कौतुकाने बघत होते. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या माणसाला गळ घालून मी जेवणाच्या सुट्टीत हत्यार कापून घेतलं. कडक पोलाद, लाकडी मूठ, चकचकीत. सासूबाईंनी ते हातात घेतलं आणि विचारलं, "एवढंसं उलथनं कशाला केलंत?" मी दुर्लक्ष केलं.

शनिवारी, स्पर्धेच्या आठवडाभर आधी, आम्ही पुन्हा काकांच्या टेबलाशी. मी हत्यार बोल्टच्या शेपटाला लावलं. काय बसलं म्हणून सांगू! केसाइतकीही फट नाही. मी फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. आणखी फिरवलं. आणखी मऊ फिरलं. वर्तमानपत्रावर काजळीचा एक कणही पडला नाही.

काका वाकून बघत होते. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, की माप घेताना बोल्टवर काजळी होती का.

होती. असणारच. म्हणजे मी बोल्टचं माप घेतलंच नव्हतं, काजळीचं घेतलं होतं. जगातलं पहिलं असं हत्यार, जे काजळीला शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखं बसत होतं. बोल्टचं खरं माप हवं तर आधी काजळी काढायला हवी, आणि काजळी काढायची तर ते माप हवं. एवढी साधी गोष्ट काजळीत हयात घालवलेल्या माणसाला सुचू नये, याचं मला स्वतःलाच इतकं वाईट वाटलं की मी चष्मा पुसत बसलो. काकांनी काही टाकून बोलावं, तर तेही नाही. ते म्हणाले, "बरं, गेर्डाकडे एक भिंग होतं, ते तळघरात आहे," आणि जिना उतरू लागले. गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना धरून खाली गेलो.

भिंग सापडायला वेळ लागला. तळघरात गेर्डाबाईंच्या मुरांब्याच्या बरण्या होत्या, तारखेच्या चिठ्ठ्या लावलेल्या, न उघडलेल्या. काका त्यांच्यासमोर जरा थांबले. मीही थांबलो. वर आलो तर टेबलावर नुसतं वर्तमानपत्र.

काकांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हत्याराचा भाग नजरेआड केला होता आणि तो भाग नाहीसा झाला होता. मी हाक मारली, "आई, तो बोल्ट कुठंय?"

सासूबाई सिंकपाशी पदर खोचून उभ्या होत्या. समोर काकांचं सॅलडचं भांडं, त्यात चिंचेचं पाणी, मीठ आणि बोल्ट. त्यांनी तो बाहेर काढला, नळाखाली धरला आणि काकांच्या हातात दिला. काजळी साफ गेली होती. काजळीबरोबर बोल्टवरचा कारखान्यातला काळा मुलामाही गेला होता. आयुष्यभर काळा असलेला तो बोल्ट देव्हाऱ्यातल्या पळीसारखा पांढरा लखलखत होता.

 काका बोल्ट खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मग ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सासूबाईंना कॉफी दिली, बिस्किटांचा डबा समोर ठेवला आणि आपल्या आखनी बोलीत काहीतरी लांबलचक सांगितलं. सासूबाईंनी मराठीत उत्तर दिलं, की अहो, त्यात काय, सवयीचं काम. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळलं नव्हतं आणि दोघंही समाधानी दिसत होते.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट चांगली संपली असती. काका तेलाची बाटली आणायला उठलेच होते. पण मला तो लखलखीत, काजळीविना बोल्ट दिसला आणि माझ्यातला इंजिनीयर जागा झाला. आता खरं माप मिळणार! मी काकांना अडवलं. म्हटलं, आज माप घेतो, हत्यार झालं की पुढच्या शनिवारी लावून बघतो, तोवर थेंबभरही तेल लावू नका. तेलाचा थर आला की माप चुकतं. काकांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या. पण समोर इंजिनीयर बसलेला, तोही आखनचा. त्यांनी मान डोलावली आणि कोरडा, आंबट, मुलामा गेलेला बोल्ट नोव्हेंबरातल्या ओल्या तळघरात तिजोरीत ठेवून दिला.

पुढच्या शनिवारी, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी, मी दुसरं हत्यार घेऊन गेलो. काकांनी तिजोरी उघडली. बोल्ट भगवा झाला होता. सगळा. त्यावर गंजाची अशी साय आली होती की मी नवं हत्यार लावलं तर ते शेपटावर चढेचना. पहिलं हत्यार काजळीच्या मापाचं, दुसरं निव्वळ लोखंडाच्या मापाचं, आणि बोल्ट आता तिसऱ्याच मापाचा.

काका खुर्चीवर बसले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "हो, हो. म्हणजे उद्या नाही." आणि बोटं एकमेकांत अडकवून बाहेर बघत राहिले. बाहेर पाऊस होता, आणि समोरच्या घराचं रोलाडन आत्ताच खाली आलं होतं. ते माझंच घर होतं. मला इतकं ओशाळं वाटलं की उठून निघून जावंसं वाटलं.

सासूबाईंनी माझ्या हातातून बोल्ट काढून घेतला. गंजाला चिंच चालते, म्हणाल्या, विळ्यांचा आम्ही असाच काढतो. पुन्हा ते सॅलडचं भांडं आलं, पुन्हा चिंच, मीठ. गंज सुटला. या वेळी त्यांनी बोल्ट गरम पाण्याने धुतला, पदराने खणखणीत पुसला, आणि मी किंवा काका काही म्हणायच्या आत पिशवीतली बाटली उघडून तळहातावर तेल घेतलं आणि बोल्टला चोळू लागल्या. लेकराला न्हाऊ घालण्याआधी चोळतात तसं, फटीफटीतून. काकांकडचं बंदुकीचं तेल तिथेच खिडकीत होतं. मी ते घेऊन पुढे झालो. म्हटलं, हे पुसून टाकू आणि तुमचं लावू.

काकांनी हात वर केला. स्वयंपाकघरात खोबऱ्याचा वास भरला होता. त्यांनी बोल्ट नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"ओस्टेंड," ते म्हणाले. "गेर्डा समुद्रावर अंगाला जे लावायची, त्याला हाच वास होता. राहू दे."

ओस्टेंड म्हणजे बेल्जियमचा समुद्रकिनारा, आमच्याकडून जवळ. दर उन्हाळ्यात ती दोघं तिथे जायची. मी बंदुकीच्या तेलाची बाटली परत खिडकीत ठेवली. खोबरेल तेल दिसायलाही छान होतं, पाण्यासारखं पातळ. बोल्ट रायफलीत घातला तर रेशमासारखा पुढेमागे सरकला. मी स्वतः चारदा सरकवून पाहिला. काका उभे राहून माझा आणि सासूबाईंचा हात दाबून म्हणाले, की उद्या तुम्ही तिघंही या. मी घरी गेलो आणि ऊर्मिलाला सांगितलं, की बघ, जमवलं की नाही. आता मराठी वाचकाला एव्हाना कळलंच असेल की मी काय विसरलो होतो. मला कळलं नव्हतं. मी डिझेलवाला.

रविवारी सकाळी फेराइनच्या मैदानावर धुकं होतं आणि थंडी हाडांत शिरत होती. नेम धरायच्या जागेला छप्पर आहे, पण समोरून ती उघडी. बक्षीस हंसाचं, म्हणजे मार्टिनच्या सणाला भाजून खातात तो हंस. ऊर्मिला आणि सासूबाई काचेमागच्या हॉलमध्ये कॉफी घेऊन बसल्या. सासूबाईंनी साडीवर ऊर्मिलाचा लांब कोट घातला होता आणि डोक्याला मफलर. काकांची पाळी आली. सगळं मंडळ मागे उभं राहिलं, कारण या म्हाताऱ्याची रायफल आज कितव्या गोळीला अडकते, यावर पोरांनी पैजा लावलेल्या होत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

ती पहिल्याच गोळीला अडकली. अडकली म्हणजे गोळी उडालीच नाही. काकांनी बोल्ट मागे ओढून सोडला, तर तो झपकन पुढे जाण्याऐवजी सकाळी उठून बाथरूमकडे जाणाऱ्या माणसासारखा सावकाश निघाला आणि अर्ध्यावर थांबला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. रांगेवर देखरेख करणाऱ्या भास्करने हात वर करून गोळीबार थांबवला. हा भास्करही आपलाच, आखनलाच शिकून इथेच राहिलेला, पण फेराइनमध्ये तो माझ्याशी फक्त जर्मन बोलतो. काकांनी गोळी काढून ठेवली आणि बोल्ट बाहेर ओढला. त्यावर मेणबत्तीच्या मेणासारखा पांढराशुभ्र थर होता. आणि सगळ्या छपराखाली, बारूदाच्या वासाच्या वरताण, खोबऱ्याचा वास दरवळला.

कोणीतरी विचारलं, हे काय आहे. कोणीतरी म्हणालं, वासावरून केक. हशा झाला. मी जमिनीत गडप व्हायला तयार होतो. खोबरेल तेल थंडीत गोठतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही न्हाणीघराला माहीत असतं. लहानपणी डिसेंबरात आंघोळीआधी बाटली बंबापाशी ठेवायचं काम माझंच होतं. आणि मी ते विसरून एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची आशा गोठवून ठेवली होती. काका बोल्ट हातात धरून तसेच बसले होते. त्यांचे खांदे खाली आले. मला वाटलं, आता हा माणूस उठणार, रायफल भास्करच्या हाती देणार आणि घरी जाऊन रोलाडन लावणार.

हॉलचं दार उघडलं. सासूबाई मफलर सावरत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं. ऊन नव्हतं, असण्याचा प्रश्नच नव्हता. मग त्या काकांकडे बघून, सगळ्या मंडळासमोर, डावा हात उचलून उजव्या हाताने काख दाखवत म्हणाल्या,

"काखेत धरा म्हणावं. दहा मिनिटांत वितळतं."

मी भाषांतर केलं. भास्करने मात्र भाषांतराआधीच ऐकलं होतं, कारण तो तोंड फिरवून खोकत होता.  काकांनी कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला, तो बर्फासारखा बोल्ट काखेत धरला, एकदा दातांवर दात दाबले आणि ताठ बसले. मंडळ बघत राहिलं. सासूबाईही तिथेच उभ्या राहिल्या. पोरांचं हसणं हळूहळू थांबलं, कारण हे दोन म्हातारे काही हसण्यासारखं करतच नव्हते. एक बसून होता, एक सोबत म्हणून उभी होती.

मग काकांनी बोल्ट काढला, फडक्याने पुसला, भास्करने पुढे केलेल्या बाटलीतले बंदुकीच्या तेलाचे थेंब घातले आणि रायफल जोडली. त्यांनी सगळ्या गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. एकही मध्यात लागली नाही, ते वेगळं. निकाल लागला तेव्हा काका तळाला होते. मी धावत गेलो. म्हटलं, हेर नीसन, नाही अडकली, आता ती देऊन टाकायची नाही. ते रायफल पिशवीत ठेवत होते. म्हणाले, की तिला ते फेराइनला देणार आहेत, कागदपत्रं उद्याच करतील.

"अडकलेली असताना सोडली असती तर हरलो असतो," ते म्हणाले. "आता चालते आहे. आता देता येते."

पुढचा आठवडा वाईट गेला. काकांचं रोलाडन खाली होतं ते दिवसाही वर आलं नाही. सासूबाईंनी वरणभाताचा डबा नेला तर दार उघडलं नाही, डबा पायरीवर ठेवून आल्या. मी संध्याकाळी ऑफिसातून येताना आधी समोर बघायचो आणि मग आपल्या दाराची किल्ली काढायचो. ऊर्मिला म्हणाली, तू उगाच स्वतःला बोल लावून घेऊ नकोस, आणि मग म्हणाली, की ऑनलाइन मागवलं असतंस तर.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात काका. हातात धुतलेला डबा आणि बगलेत एक पिशवी. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, पण आत बघत होते ते सासूबाईंकडे. पिशवीतून त्यांनी पितळी कंदील काढला, काचा असलेला, वीतभर उंच. तो गेर्डाबाईंच्या कबरीवर असतो. दोन हिवाळ्यांत तो धुराने काळाठिक्कर पडला होता आणि तळाशी जळक्या मेणाचे थरावर थर. काकांनी खाणाखुणांनी विचारलं, की ते आंबट शिल्लक आहे का.

सासूबाईंनी पदर खोचला. त्यांना चिंच भिजवताना बघून माझ्या लक्षात आलं, की खिडकीशी बसायची ती जागा त्यांना आज आठवतसुद्धा नसेल. कंदील सोन्यासारखा निघाला. मग दोघं एका छत्रीतून कबरस्तानाकडे गेली. परत आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, की तुम्ही इतका वेळ बोललात तरी काय?

"बोलायचं काय?" त्या म्हणाल्या. "त्यांनी मेणबत्ती ठेवली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. आपल्याकडे कबर नसते ना, जयंतराव. आमच्या यांच्यासाठी दिवा लावायला मला जागाच नव्हती. एकाच काडीत दोघांचा लावला."

त्यांनी डोळे पुसले, आणि मीही स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

आता दर शनिवारी ती दोघं जातात. काकांचं रोलाडन सकाळी वर येतं, कारण कंदील काढून आणायचा असतो. सासूबाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं आहे. या देशात अखेर काहीतरी घाण होतं, याचं त्यांना समाधान आहे.

आणि माझी हत्यारं? दुसरं कुठे गेलं ते विचारू नका. पहिलं मात्र, ते काजळीच्या मापाचं, परवा काकांनी सहज उचलून कंदिलाच्या तळाला लावलं, आणि ते असं बसलं की केसाइतकीही फट नाही. मेण फार सुरेख निघतं त्याने. काजळी नाही निघत. ती सासूबाईच काढतात.